उंबरबेटावरची संथा

१

मानमोडीचा ताप गावोगाव फिरून गेला आणि त्यानंतर सत्यभामाबाईंचा बुधवार ठरूनच गेला. अंधारात उठून न्हायचं, मग पांढऱ्या पंच्यात आठ दिवसांचा शिधा बांधायचा: तांदूळ, तुरीची डाळ, मीठ, गुळाचा एक खडा. उन्हं अंगणात उतरायच्या आत घाटावर जाऊन ते गाठोडं खाजामियाँच्या नावेत ठेवायचं आणि मागच्या बुधवारचा रिकामा पंचा परत घ्यायचा. चार महिन्यांत एक बुधवार चुकला नव्हता. पंचा धुऊन, चार घड्या घालून यायचा. त्या घड्यांवरूनच बाईंना कळायचं, की भाऊ जिवंत आहे.

भाऊ राधाकिशन नदीच्या मधोमध, उंबरबेटावर राहायचा. कागदावर ती गोदावरी असेल. काठच्या माणसांनी तिला गंगेशिवाय दुसरं नाव कधी दिलं नाही. तिथं गंगेला दोन धारा फुटतात आणि मध्ये बेट उरतं. बेटावर वेदपाठशाळा, निजामाच्याही आधीची, काळ्या चिऱ्यांची. आधी बाईंचे वडील तिथं गुरुजी होते. जग त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून मुलंही आप्पाच म्हणत. आप्पा वारल्यावर राधाकिशन त्यांच्या पाटावर बसला. दसऱ्याच्या सुमाराला मानमोडी बेटावर पोचली आणि बारा दिवसांत एकवीस विद्यार्थी गेले. तहसिलीतला पेशकार अलीकडच्या घाटावरच उभा राहून उर्दूत नावं उतरवून गेला. पलीकडं जायची त्याची छाती झाली नाही. राधाकिशन तेवढा वाचला. वाचला आणि तिथंच बसून राहिला.

माघातल्या त्या बुधवारी खाजामियाँनं पंचा दिला तो गाठ न सुटलेला. मागच्या बुधवारचा शिधा जसाच्या तसा.

"हे काय रे?"

"पायरीवर हुतं, अक्का. मी ठिवलं तिथंच."

"वर जाऊन बघितलं न्हाईस?"

"न्हाई."

"कावून? पाय मोडलेत तुझे?"

खाजामियाँ साठीला आलेला, बाईंच्या तोंडाची त्याला सवय होती. एरवी तो हसला असता. आज हसला नाही. "तेंची शाळा चालू हुती," तो म्हणाला. "मधी कशाला जायचं?"

"कसली शाळा? पोरं गेली ना सगळी."

"हौ. गेली." त्यानं वल्हं उगाच पाण्यात बुडवून वर काढलं. "माझ्याच नावंतनं गेली. एकेक करून, एकवीस खेपा. मला सांगता का?"

बाईंनी मागं वळून घराकडं बघितलं. घरात सून सावित्री होती, भरल्या दिवसांची. मुलगा त्याच तापात गेलेला. पोटातलं पोर सोडलं तर बाईंच्या रक्ताचं आता बेटावरच्या त्या एका माणसाशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्यांनी शेजारच्या छबुबाईला हाक मारून सावित्रीपाशी बसायला सांगितलं, आलवणाचा पदर खोचला आणि नावेत पाय टाकला.

"चल. आज त्याला घेऊनच येते. मानगूट धरून आणावं लागलं तरी."

"आज नेतो," खाजामियाँ म्हणाला. "पुन्यांदा मला म्हनू नका."

२

नावेच्या अंगाला बाहेरून डांबराची एक रेघ ओढलेली होती. खाजामियाँच्या बापानं ओढलेली. खाजामियाँ दर वर्षी ती नव्यानं गिरवायचा. पाणी रेघेच्या खाली असलं तर नाव हाकायची. रेघेवर चढलं तर एक माणूस उतरवायचा, मग तो तहसीलदार का असेना. दोघं बसले तेव्हा पाणी रेघेच्या चांगलं वीतभर खाली होतं.

"काय रे, अजून तरंगतीय का तुझी नाव?"

"तुमचं वजन कितीसं हाय, अक्का. वजन हाय ते जबानीचं."

आता कुठं तो जरासा हसला. पण मधली धार ओलांडली आणि त्याची नजर वल्ह्यावरच राहिली.

बाईंना ते बेट डोळे मिटून चालता आलं असतं. बावीस पायऱ्या, मग उंबर, मग पाठशाळेचा लांब मंडप. तीन बाजूंनी उघडा, दगडी खांबांच्या दोन रांगा, चौथ्या बाजूला भिंत. भिंतीशी गुरुजींचा पाट. डाव्या अंगाला स्वयंपाकघर, आणि त्याची लाकडी गजांची खिडकी मंडपात उघडणारी, वाढायच्या वेळी आतून भांडी पुढं करता यावीत म्हणून. त्या खिडकीखाली बसून सत्यभामा तीन-चार वर्षं भाजी निवडत होती. निवडता निवडता ऐकत होती.

संथेची रीत साधी. गुरूनं ओळ एकदा म्हणायची, शिष्यांनी दोनदा. मग पुढची. पुस्तक नाही, पाटी नाही. तोंडातून कानात आणि कानातून तोंडात. आप्पा संथा सुरू करताना दोनदा खाकरायचे आणि मग म्हणायचे, "म्हणा." बाहेर एकवीस-बावीस पोरं दोनदा म्हणायची, आणि आत सहा वर्षांची पोर मेथीच्या काड्या मोडत ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणायची. बाहेरच्या कित्येक शेंडीवाल्यांना जे वर्षभर घोकून आलं नाही ते तिला एका बैठकीत यायचं. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर जीभच हासडली असती.

एकदा बाहेरचा एक जण अडला आणि हिच्या तोंडून ओळ निसटली. मंडप गार झाला. आप्पा दोनदा खाकरले, पाटावरून उठले, आणि खिडकीची झडप बाहेरून लावून घेतली. पुढच्या महिन्यात सत्यभामेला हळद लागली. वय वर्षं नऊ, तो अध्याय अर्धा.

पुढं अक्षरं तिनं वाण्याच्या पुड्यांवरून लावली, नवऱ्याच्या माघारी पोथ्या वाचल्या, गावच्या बायकांना चातुर्मास वाचून दाखवला आणि मधे बोलायला आलेल्या भटजीला अर्थ विचारून घरी पाठवला. पण तो अर्धा अध्याय अर्धाच राहिला.

नाव पायरीला लागली. खाजामियाँ उतरला नाही.

"उन्हं कलायच्या आत या," एवढंच म्हणाला.

वरून आवाज येत होता. राधाकिशनचा. एक ओळ. मग काही नाही. मग दुसरी ओळ.

३

राधाकिशन पाटावर बसला होता. हाडं आणि पंचा, मध्ये काही नाही. बहीण दिसल्यावर त्यानं हाताचा तळवा उभा केला, थांब म्हणून, आणि संथा चालू ठेवली.

मंडप रिकामा. पाचोळा, चिमण्यांची घाण, खांबांना कोळ्यांची जाळी. सकाळचं लख्ख ऊन आत आलेलं. यात भ्यायचं काय, बाईंनी स्वतःला विचारलं. माणूस तीस वर्षं एकच काम करतो, पोरं मेली तरी तोंडाला वळण तेच राहतं. सुताराचा हात झोपेत रंधा मारतो, तसंच हे.

मग त्यांच्या लक्षात आलं ते मधल्या गप्पपणाचं. राधाकिशन ओळ म्हणायचा आणि थांबायचा. बाईंनी सहज, जुन्या सवयीनं, ती ओळ मनात दोनदा म्हटली. दुसऱ्यांदा संपली आणि त्याच क्षणी त्यानं पुढची ओळ घेतली. आखूड ओळीला आखूड थांबा, लांब ओळीला लांब. ठीक आहे, तोही मनात दोनदा म्हणत असेल.

तेवढ्यात तो थांबला आणि तिसऱ्या खांबाकडं बघून म्हणाला, "न्हाई. पुन्हा."

आणि थांबला. दोनदा म्हणण्याइतकं.

"हां," तो म्हणाला, आणि पुढं गेला.

बाईंनी तिसऱ्या खांबाकडं पाहिलं. खांब होता. त्याच्या बुडाशी पाचोळा होता. मात्र सगळीकडं वाऱ्यानं पसरलेला पाचोळा तिथं वीतभर जागेत नव्हता. बुडाशी वारा फिरतो, बाईंनी स्वतःला सांगितलं, आणि पुन्हा तिकडं पाहिलं नाही.

थोड्या वेळानं राधाकिशन एका ओळीशी आला आणि अडला. तोंड उघडं राहिलं. कपाळावर घाम फुटला. मग त्यानं दोन्ही हात जोडले, समोर कुणाची तरी माफी मागावी तसे, आणि पाटावरून उठला.

"किसन, काय मांडलंयस हे? शिधा कावून न्हाई घेतलास?"

"पायरीपर्यंत जायला वेळ होत न्हाई, अक्का."

"बावीस पायऱ्यांना वेळ? चल, नाव लावलीय. सावित्रीचे दिवस भरलेत. घरात एक बाप्या नको का?"

"अध्याय व्हायचाय."

"कुणापुढं?"

वाटीभर पाणी पिऊन तो भिंतीला टेकला. "ताप आला तवा हाच अध्याय चालू होता," तो सावकाश म्हणाला. "आप्पांचा नियम तुला ठावा हाय. अर्ध्यावरून कुणी उठायचं न्हाई. जो सांगायला बसला त्यानं शेवटापर्यंत सांगायचं. मी सांगतो. पर त्या एका ओळीशी आलो की डोक्यात नुसतं पांढरं होतं. मग पहिल्यापासून. रोज दोनदा. पोथी बघायला गेलो तर वाळवीनं पीठ केलेलं."

"अन् ते?" बाईंनी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडून गेलं.

"ते थांबत्यात," राधाकिशन म्हणाला. "लई शहाणी पोरं हायेत, अक्का. कुणी उठत न्हाई."

४

तापानं डोकं गेलंय, बाईंनी ठरवून टाकलं. डोकं गेलेल्या माणसाशी हुज्जत घालायची नसते. त्याला खायला घालायचं, न्हाऊ घालायचं आणि उचलून न्यायचं. त्यांनी चूल पेटवली, खिचडी ठेवली, भावाला नदीवर पिटाळलं. आणि हातात झाडू घेतला. भीती वाटली की बाईमाणसानं काम काढावं. हात गुंतले की डोकं ताळ्यावर राहतं.

मंडप झाडला. फरशी नव्हती, मातीची जमीन. शेण कुठलं मिळायला? त्यांनी घमेल्यानं नदीचा गाळ आणला, पाण्यात कालवला आणि भिंतीपासून तिसऱ्या खांबापर्यंत, तिसऱ्यापासून पायरीपर्यंत जमीन सारवून काढली. पाठ मोडून आली. पण सारवण असं उतरलं होतं की त्यात उंबराच्या फांद्या दिसाव्यात.

"आता बस म्हणावं," त्या स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या. "ओल्यात कोण बसतं बघू."

बोलून झाल्यावर त्यांना ते बोलणं आवडलं नाही.

राधाकिशन न्हाऊन आला. ओलं बघून कडेकडेनं, भिंतीला धरून पाटावर गेला. जेव म्हटलं तर म्हणाला, "दुपारची बैठक झाल्यावर."

"ही शेवटची," बाई म्हणाल्या. "हिच्यानंतर मी तुझं ऐकणार न्हाई."

त्या स्वयंपाकघरात येऊन खिडकीखाली बसल्या, पन्नास वर्षांपूर्वीच्याच जागी. गज तेच होते, डाव्या बाजूच्या तिसऱ्या गजाला त्यांच्या दातांच्या खुणाही होत्या. मेथी निवडून कंटाळा आला की त्या गज चावायच्या. बाहेर पहिली ओळ आली. मग थांबा.

बाई जमिनीकडं बघत होत्या. ओलं सारवण उन्हात चकाकत होतं. पहिल्या ओळीला चकाकत होतं. दुसऱ्या ओळीला चकाकत होतं. तिसऱ्या ओळीनंतरच्या थांब्यात, तिसऱ्या खांबापाशी, एका जागी चकाकी गेली. ताटाएवढी जागा मळकट झाली. तिच्यापुढं, एकीकडं एक आणि एकीकडं एक, मुठीएवढ्या आणखी दोन.

वाळतंय, बाईंना वाटलं. उंचवटा आहे, आधी वाळणारच.

मग शेजारी तसंच. मग त्याच्या शेजारी. ताटाएवढं एक, मुठीएवढी दोन. मांडी घालून बसलेल्या पोराला ओल्यातून उठवलं तर जमिनीवर जे उमटतं ते, मागं बूड आणि पुढं दोन गुडघे. सगळे गुडघे पाटाकडं. रांग सरळ होती. आप्पांना रांग वाकडी चालायची नाही.

बाईंनी मोजायला सुरुवात केली आणि अकराव्याशी मोजणं सोडलं. आकडा त्यांना ठाऊक होता.

आवाज मात्र कसलाच नव्हता. राधाकिशनची ओळ, मग नुसतं ऊन. पळून जावं असं वाटलं. पळून जायचं तर किसनला इथंच ठेवून जायचं.

५

तो त्या ओळीशी आला आणि अडला.

थांबा लांबला. उंबरावर एक कावळा होता, तोही गप्प. राधाकिशनचं तोंड उघडं, डोळे वर गेलेले, मानेची शीर ताठ. रोज दोनदा, चार महिने. अशा आणखी किती बैठका हा हाडांचा सापळा काढणार होता? चार? पाच? मग खाजामियाँची बाविसावी खेप.

आणि ती ओळ बाईंना येत होती.

पन्नास वर्षांत एकदाही म्हटली नव्हती, पण होती, काल निवडून ठेवल्यासारखी स्वच्छ. तीच ओळ. जिच्यासाठी झडप लागली तीच. एवढी एक सांगून टाकली तर याचं अडलेलं सुटेल, हा अध्याय उरकेल, उठेल, चार घास खाईल, नावेत बसेल. एक ओळ म्हणजे काय हो? बाईच्या तोंडून निघाली म्हणून काय तिचं सोनं गळून पडणार आहे?

एवढं सगळं बाईंनी स्वतःला सांगितलं. त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी सांगितली नाही. त्यांना ती ओळ मोठ्यानं म्हणायचीच होती. नऊ वर्षांच्या असल्यापासून.

त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले आणि खणखणीत आवाजात ती ओळ मंडपात म्हटली. एकदा.

कावळा उडाला.

मग आलं ते. जमिनीलगत, पोरांच्या बसक्या उंचीवरून. पुष्कळ गळे एकदम. एकाचं नाक चोंदलेलं, एकाचा आवाज नुकताच फुटलेला, एक सगळ्यांच्या किंचित मागं, ओळ नीट येत नसली की पोर जसं दुसऱ्याच्या आधारानं म्हणतं तसा. एकदा म्हणून झालं.

दुसऱ्यांदा आलं तेव्हा ते जवळ नव्हतं आलं. पण तोंडं इकडं होती. माणूस पाठमोरा बोलतो आणि तोंड वळवून बोलतो, यातला फरक आंधळ्यालाही कळतो.

आणि मग शांत. त्या शांततेत वाट बघणं होतं.

"अक्का," राधाकिशन पाटावरून उठत म्हणाला, अगदी लहानपणीच्या आवाजात, "लई भूक लागलीय."

६

तो खिचडी खात होता, बोटं चाटून, दुसऱ्यांदा मागून. गालावर रंग आला होता. बाई त्याच्यासमोर बसल्या होत्या, हातातली पळी खाली ठेवायचं भान त्यांना नव्हतं.

"किसन, तिच्यापुढची ओळ सांग."

"कशाच्या पुढची?"

"मी सांगितली तिच्या. अडायचास ना तू? पुढची सांग. शेवटापर्यंत सांग."

त्यानं घास तोंडात तसाच ठेवून आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला. "आप्पांनी मला काय शिकवलं होतं का गं?" त्यानं विचारलं. "मला तर काहीच येत न्हाई."

त्याची नजर निर्मळ होती. तीस वर्षांचं ओझं कुणी खांद्यावरून उचलून घ्यावं आणि माणसानं मान मोकळी करावी, तसा तो बसला होता. ओझं उचलून कुणी घेतलं, ते त्याला विचारायचं सुचलं नाही.

बाई उठल्या. खिडकीतून बघायचं नाही असं ठरवून उठल्या आणि बघितलं.

सारवण अजून वाळलं नव्हतं. ठसे जिथल्या तिथं होते, रांगा सरळ होत्या. पण गुडघे पाटाकडं नव्हते. प्रत्येक ठशाभोवती गाळ गोल फरफटलेला होता, बसल्या बसल्या कुणी बुडावर वळलं की फरफटतो तसा. दोन-दोन गुडघे, एकवीस जोड्या, सगळे स्वयंपाकघराच्या खिडकीकडं.

सगळ्यांत पुढचे दोन गुडघे फार लहान होते. सात-आठ वर्षांच्या पोराचे.

"चल," बाई म्हणाल्या. त्यांनी भावाचा दंड धरला आणि त्याला मागच्या दारानं, मंडपात पाय न ठेवता, उंबराखालून ओढत नेलं. "हात धू नदीत. चल. मागं बघू नको."

"मागं काय हाय?"

"काही न्हाई. चल म्हणते ना."

बावीस पायऱ्या. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. एक ओळही तोंडातून जाऊ द्यायची नव्हती, देवाचं नावसुद्धा.

७

खाजामियाँनं राधाकिशनला आधार देऊन नावेत घेतलं. "या गुरुजी. या. बरं झालं." मग बाई बसल्या. त्यानं बांबू पायरीला टेकवून जोर दिला.

नाव हलली नाही.

पुन्हा जोर दिला. बांबू वाकला. बुडाखाली वाळूवर काहीतरी करकरलं आणि नाव आणखी खाली बसली. खाजामियाँ वाकून बाहेरच्या अंगाला बघू लागला आणि वाकलेलाच राहिला.

डांबराची रेघ दिसत नव्हती. पाणी तिच्यावर चार बोटं होतं. बघता बघता पाच झालं.

"तीन माणसांची नाव अशी बसत न्हाई," तो म्हणाला.

"फळी फुटली असंल. पाणी शिरलं असंल."

"आत थेंब न्हाई, अक्का." त्यानं कोरड्या बुडाशी हात फिरवून दाखवला. मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये तसं म्हणाला, "हे वजन माझ्या वळखीचं हाय. तवा एकेक करून नेलं. आज समदे एकदम बसलेत."

राधाकिशन पाण्यात बोटं बुडवून माशांची पिल्लं बघत हसत होता.

बाईंनी पलीकडच्या काठाकडं पाहिलं. घाट, घाटावरचं पिंपळाचं झाड, त्याच्यामागं घराचं धाबं. धाब्याखाली सावित्री. आज नाहीतर उद्या तिथं एक पोर रडणार होतं. आणि रोज दोनदा, त्या घरात जिथं कुठं आजी बसेल तिच्यासमोर, सारवलेल्या जमिनीवर...

आप्पांचा नियम. जो सांगायला बसला त्यानं शेवटापर्यंत. बेट सोडून गेलं म्हणून तो काही बेटावर राहत नाही.

"तुझ्या बापाचा नियम काय रे, खाजामियाँ? पाणी रेघेवर आलं तर?"

त्यानं मान वर केली नाही. "अक्का, असं नका बोलू."

"एक माणूस उतरवायचा. मग तो कुणी का असेना."

त्यांनी आलवण सावरलं, भावाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि गुडघाभर पाण्यात उतरल्या. पाय पाण्यात पडतो न पडतो तोच नाव अशी वर उसळली, की खाजामियाँ फळीवर आपटला. रेघ पाण्याच्या वीतभर वर, काळी, ओली, चकाकत.

"अक्का कावून उतरली?" राधाकिशननं विचारलं.

"मागचं आवरून येते. तू हो पुढं. सावित्रीला जप. पोर झालं की थाळी वाजव, मला इथं ऐकू येईल." मग खाजामियाँकडं वळून, "बुधवारी शिधा आण. पायरीवर ठेव. वर येऊ नको."

"येणार न्हाई म्हनलं हुतं मी," खाजामियाँ म्हणाला. तो रडत होता. "येतो, अक्का. दर बुधवारी येतो."

नाव मधल्या धारेला लागेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग पायऱ्या चढल्या. मागं कुणी चढतंय का, हे त्यांनी बघितलं नाही.

मंडपात ऊन तिरपं झालं होतं. सारवण वाळत आलं होतं. त्या कडेनं गेल्या नाहीत. रांगांच्या मधून गेल्या, आणि एकाही ठशावर पाय पडू दिला नाही. भिंतीपाशी आप्पांचा पाट होता, मधोमध झिजून खोलगट झालेला. या पाटाला बाईचा पदर लागला तर तो आप्पा नदीत धुऊन काढायचे. सत्यभामाबाई त्यावर मांडी घालून बसल्या.

समोर अजून ओलसर मातीत कुणीतरी बुडावर वळल्याचा बारीक, चिकट आवाज झाला. मग रांगभर झाला.

"म्हणा," बाई म्हणाल्या.

त्यांनी पहिली ओळ सांगितली. दोनदा आली. दुसरी सांगितली. दोनदा आली. चोंदलेल्या नाकाच्या पोराचं चुकलं तेव्हा, "न्हाई. पुन्हा," म्हणाल्या, आणि त्यानं बरोबर म्हटलं. आवाज चढत गेला. भीती होतीच. तिच्यासकट आवाज चढत गेला. किसन अडायचा ती ओळ आली आणि गेली. तिच्यापुढं आणखी तीन येत होत्या, झडपेच्या फटीतून ऐकलेल्या. त्याही दिल्या. तिसरी ऐकली त्या दिवशी हळद लागली होती.

पोरांनी ती दोनदा म्हटली आणि थांबली.

पुढचं नव्हतं. बाईंनी डोळे मिटून शोधलं; तिथं वाजंत्री होती, बोहला होता, ओळ नव्हती. एकवीस जणांचा श्वास धरलेला. आता पहिल्यापासून. उद्या पहिल्यापासून. मग पंचा गाठ न सुटता परत जाईपर्यंत रोज दोनदा पहिल्यापासून.

त्यांनी हात जोडायला उचलले.

आणि पाठीमागं, जिथं हातभर जाडीची काळी भिंत होती आणि दुसरं काही नव्हतं, तिथं कुणीतरी खाकरलं.

एकदा. मग आणखी एकदा.

पदर सावरून पाट सोडायला शरीर आपोआप उठू बघत होतं, पन्नास वर्षांची सवय. त्यांनी पाटाच्या दोन्ही कडा मुठीत आवळल्या.

"मी उठणार न्हाई, आप्पा," त्या मागं न बघता म्हणाल्या. "सांगा."